आपोआप गेलेला मेसेज

गेल्या श्रावणात एका सोमवारी, सकाळी साडेनऊच्या आत, अकरा माणसं मला शेवटचं बघून गेली. मी तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून उपासाची खिचडी खात होतो.

पारनेरला माझं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान आहे. मुलगी सायली बंगळूरला असते. आधी इंजिनिअर झाली, मग धंद्याचंही शिकली. आता कंपनीत ती कॉम्प्युटरवाल्यांचं म्हणणं धंदेवाल्यांना आणि धंदेवाल्यांचं कॉम्प्युटरवाल्यांना समजावून सांगते. (हेच काम मी माझी आई आणि माझी बायको यांच्यात तीस वर्षं फुकट केलं!) दोन्हीकडचं कळणाऱ्या माणसांना म्हणे फार मागणी आहे. इतकी, की मागच्या दिवाळीलाही तिला सोडलं नाही. मागणी आमच्याकडूनही होती, पण आम्ही ती कधी बोलून दाखवली नाही. आमच्या घरात ‘आठवण येते’ असं कुणी कुणाला म्हणत नाही. फोन लावायचा आणि विचारायचं, “पाऊस हाय का तिकडं?” काय ते समोरच्यानं समजून घ्यायचं.

मे महिन्यात ती चार दिवस आली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानाच्या मागं लागली. अण्णा, गिऱ्हाईक एकदा गेलं की तुम्ही त्याची विचारपूसच करत नाही, असं तिचं मत पडलं. तिनं माझ्या मोबाईलवर एक सिस्टीम बसवली. तीन महिने ज्यानं काही खरेदी केली नाही, त्याला आपोआप मेसेज जाणार. मला दोनच कामं ठेवली, मजकूर लिहायचा आणि गिऱ्हाइकांचे नंबर निवडायचे. तिला एसटी स्टँडवर पोचवून आलो आणि दोन्ही कामं लगोलग उरकली. नंबर एकेक निवडायचा कंटाळा आला म्हणून सरळ ‘सगळे’ दाबलं. मजकूरही लिहिला आणि पुढं विसरून गेलो.

सिस्टीम मात्र विसरली नाही. बरोबर तीन महिन्यांनी, सोमवारी पहाटे सहाला, तिनं खरेदी करणाऱ्यांना वगळलं आणि बाकीच्यांना मेसेज धाडला. बाकी उरले कोण? सगळे नातेवाईक! (आमचे नातेवाईक पाइप नेहमी दुसऱ्याच दुकानातून घेतात.) मजकूर असा होता: ‘फार दिवस झाले, दिसला नाहीत. तुमची आठवण येते. जमलं तर एकदा येऊन जा. – अण्णा.’ दुकानाचं नाव टाकायचं राहूनच गेलं होतं.

ज्या माणसानं साठ वर्षांत कधी असा शब्द काढला नाही, त्यानं एकाएकी असं लिहिलं तर लोकांनी काय समजावं? नेवाशाहून माझी बहीण कुसुम जीप करून आली, ती डोळ्याला पदर लावूनच उतरली.

“दादा, डॉक्टर काय म्हन्ले? खरं सांग, म्या घट हाय.”

माझ्या तोंडात खिचडीचा घास होता. मी नुसताच हात हलवला.

“बोलनं बी बंद झालं व्हय?” म्हणून तिनं पायरीवरच बसकण मारली.

तेवढ्यात समोरचे दत्तोबा आले. त्यांचंही पंपांचंच दुकान. दुकानाच्या बोर्डाच्या भांडणावरून नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं, पण त्यांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये तसाच राहिला होता. रस्ता ओलांडून त्यांनी माझा हात धरला. “झालं गेलं इसरून जाऊ, अण्णा. बोर्ड म्याच सरकवला हुता.” मग त्यांनी मला नीट निरखलं. मी ठणठणीत दिसल्यावर हात सोडून म्हणाले, “मग कबूल कशाला करून घेतलं?”

बायकोनं अकरा जणांना चहा दिला आणि मग मोबाईल माझ्यापुढं धरून विचारलं की हा मलाही आलाय, मी कुठं गेले होते? तीन महिन्यांत तिनं दुकानातून एकही पाइप घेतला नव्हता. सिस्टीमच्या बाजूनं ते बरोबरच होतं.

मंगळवारी संध्याकाळी एसटीतून सायली उतरली. मेसेज तिलाही गेला होता. तो सिस्टीमचा आहे हे तिला कळलंच असणार, सिस्टीम तिचीच होती. तरी आली. हातपाय धुतले आणि आधी माझा मोबाईल मागितला.

“अण्णा, गिऱ्हाइकं वेगळी आणि माणसं वेगळी असतात.”

“तुमच्या कंपनीत असतील.”

“आणि हा मजकूर कुणी लिहिला?”

“सिस्टीमनं.”

“सिस्टीमला आठवण येत नाही, अण्णा.”

स्टँडवरून परत आल्यावर तो मजकूर मी कुणाला डोळ्यांपुढं ठेवून लिहिला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या दिवशी रिकाम्या दुकानात मला तिची फार आठवण येत होती आणि तिला फोन लावला असता तर मी पावसाचंच विचारलं असतं.

तीन दिवस राहून, सगळं दुरुस्त करून ती गेली. तिची गाडी सुटल्यावर मी मोबाईल उघडून पाहिला. गिऱ्हाइकांना आता ‘नवीन माल आला आहे, अवश्य भेट द्या’ असा मेसेज जाणार होता. माझा जुना मजकूर तिनं पुसला नव्हता. त्याच्यापुढं एकच नंबर ठेवला होता, तिचा स्वतःचा, आणि तीन महिन्यांची मुदत कमी करून आठवड्यावर आणली होती.

आता दर रविवारी सकाळी तिला माझी आठवण आपोआप जाते. पाच मिनिटांत तिचा फोन येतो. मी तो पहिल्या रिंगलाच उचलतो, घसा साफ करतो, आठवडाभर मनात घोकलेलं सगळं नीट आठवतो आणि विचारतो, “पाऊस हाय का तिकडं?”