सॉरीसाठी तीन स्थळं

माझ्या बायकोच्या मामांइतका चौकशीखोर माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. बिडकीनजवळचं गाव सोडून ते शहरात छावणीलगतच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तरी नात्यातलं एकही लग्न त्यांनी मुलाकडची विहीर वाकून पाहिल्याशिवाय ठरू दिलं नाही. एकदा तर मुलगा पसंत, घर पसंत, पण गोठ्यातला बैल अंगावर आला म्हणून त्यांनी सुपारी फुटायची थांबवली. "जनावर बिथरल्यालं असंल तर घरात कुणीतरी मारकुटं असतंय," हे त्यांचं शास्त्र. अशा माणसानं सत्तरीत स्पॅनिशला हात घातला आणि डोक्याचा भुगा झाला तो माझा.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं दहा वर्षांपूर्वी स्पेनमधल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा मामांनी फोनवर त्याला मराठीत नाही नाही ते ऐकवलं होतं आणि संबंध तोडले होते. शब्द त्याला कळले नसतील, सूर कळलाच असणार. आता अबोला सुटून तो जावई लेकीबरोबर पहिल्यांदा घरी येणार होता आणि मामांना त्याची माफी मागायची होती. मी म्हणालो, "इंग्रजीत सॉरी म्हणा की." तर म्हणाले, "पाव्हणं, सॉरी तर रिक्षावालाबी म्हणतो. त्याच्या मायच्या भाषेत म्हणायचं." मराठी-स्पॅनिश कोश मिळेना, म्हणून इंग्रजीला मध्यस्थ धरून त्यांनी 'सॉरी' शोधलं. समोर आले तीन शब्द: पेर्दोन, दिस्कुल्पे, लो सिएन्तो.

मग काय, तिघांचे तीन बायोडाटा तयार झाले. एकेका कागदावर देवनागरीत शब्द, त्याखाली तो कुठं कुठं बसतो-उठतो याची नोंद. सोमवारी पेर्दोन पक्का होता, पण गर्दीत कुणाच्या पायावर पाय पडला तरी तेच म्हणतात असं कळताच "लई हलकं स्थळ" म्हणून बाद. दिस्कुल्पे हॉटेलात वेटरला हाक मारायलाही चालतो, म्हणून तोही गेला. लो सिएन्तोवर शिक्कामोर्तब झालं आणि तो सांत्वनालाही म्हणतात हे नेमकं मीच बोलून गेलो. "मयताला जाणारा शब्द जावयाला लावू व्हय?" झालं, पुन्हा पेर्दोन! शेवटी शेजारीपाजारी चौकशी करायची म्हणून मला वेरूळला नेलं. दोन जर्मन आणि एक कोरियन यांना विनाकारण थांबवल्यावर एक स्पॅनिश आजी भेटल्या. चांगल्या घरात यातला कोणता शब्द बोलतात, असं मामांनी माझ्यामार्फत विचारलं. त्या हसून म्हणाल्या, ते प्रसंगावर आहे. परतताना मामा म्हणाले, "असं गोलगोल बोलले की समजावं, कायतरी लपवायलेत." तोवर मलाही साध्या सॉरीचा अर्थ आठवेनासा झाला होता.

लेकीबरोबर जावई आला, चार दिवस राहिला. मामांनी त्याला पंगतीत पहिल्या पाटावर बसवलं, स्वतःच्या हातानं भाकरीवर लोणी घातलं, खुलताबादची सीताफळं आणून खाऊ घातली. हात मात्र पुन्हा पुन्हा खिशाकडं जायचा आणि रिकामा परत यायचा. विमानतळावर अगदी दारापाशी त्यांनी तिन्ही कागद त्याच्या मुठीत कोंबले आणि म्हणाले, "तूच बघ बाबा. मला काय ठरंना."

आठवड्यानं मामा माझ्याकडे आले. लेकीचा फोन आला होता. तिनं विमानात कागद वाचून दाखवले आणि जावयानं कळवलंय, तिन्ही पसंत.

"तिन्ही कशी काय पसंत पडतील? म्हंजी चौकशी केलीच नाय त्यानं," मामा म्हणाले. मग मान खाली घालून म्हणाले, "तवा मी तरी कुठं केली, पाव्हणं? गावभरच्या पोरांच्या विहिरी बघितल्या मी. पोरीनं याचा फोटो पाठवला व्हता, त्यो उघडलाबी नाय."

मला फार वाईट वाटलं. मी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.