आगाताच्या चार ओळी

मधाच्या धंद्यातली माणसं गोड असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या इम्ब्रोच्या कारखान्यात एक उन्हाळा काढावा. मी अकरा काढले. सकाळी मधाचं पीठ मळायचं, दुपारी पत्र्याच्या साच्याने त्याची बदामाच्या आकाराची काळजं कापायची, भाजायची, लाल रंगात बुडवायची. हिवाळा लागला की त्याच हातांनी मेण वितळवून वातींवर ओतायचं, थरावर थर, मेणबत्ती जाड होईपर्यंत. बोटं कधी लाल, कधी पिवळी, आणि भाजलेली तर बाराही महिने. झाग्रेबच्या उत्तरेला टेकड्यांत आमचं गाव. बिस्त्रित्साच्या देवळाला जाणारे यात्रेकरू वाटेत आमच्याकडे थांबत आणि दोन्ही घेत, देवमातेला मेणबत्ती आणि पोरीला काळीज.

ते काळीज खायचं नसतं. पोरगा जत्रेत विकत घेतो, आवडत्या मुलीला देतो आणि ती ते जन्मभर भिंतीवर टांगते. मधोमध बोटाएवढा आरसा असतो आणि आरशाखाली कागदाची चिठ्ठी, तिच्यावर चार ओळी. मुलगी आधी आरशात बघते, मग ओळी वाचते, मग लाजते. गावातली निम्मी लग्नं अशी जमली. आणि त्या सगळ्या ओळी लिहिणारी बाई खिडकीशी बसलेली असे, इम्ब्रोची थोरली बहीण आगाता. आम्ही तिला तेता म्हणायचो, म्हणजे आत्या.

तेता दिसायला रुक्ष, बोलायला त्याहून. शाळा चार यत्ता. लग्न नाही. त्याबद्दल कुणी हळहळलं की म्हणायची, "मी तुमची सगळ्यांची लग्नं लावते, अजून काय करू? तुमच्याबरोबर नांदायलाही येऊ?" पण लिहायला बसली की कुणाशी बोलायची नाही. एक ओळ जमेना तर तीन-तीन दिवस. इम्ब्रो ओरडायचा, "अगं, पोरांना काय कळतंय! प्रेम, गुलाब, चंद्र घाल आणि चिकटव!" तेता मान वर न करता सांगायची, "तू साखर घालतोस मधात, ते कळत नाही होय त्यांना?" मग इम्ब्रो भट्टीकडे वळायचा.

ज्या हिवाळ्यात तिची आई गेली, त्या हिवाळ्यात तिने एक चिठ्ठी लिहिली. आमच्याकडे मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती देतात. आईच्या हातातली मेणबत्ती तेताने स्वतः केली होती आणि शेवटपर्यंत तो हात तिनेच धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात आली आणि माझ्या समोर, पिठाच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं:

मध तुझा, मेण माझं,
पोळं दोघांचं एक;
तू राहा गोड, मी जळेन,
उजेडात मला देख.

मला वाचून दाखवलं. तिने कधी कुणाला वाचून दाखवलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "बारित्सा, ही बरी झालीय. हिच्याखाली माझं नाव असावं असं वाटतं बघ." आणि लगेच स्वतःवरच चिडली. "जा, भट्टी बघ, जळतंय काहीतरी." काही जळत नव्हतं.

काळजावर नाव कोण घालणार? घातलं तर काळीज देणाऱ्याचं काय राहिलं! चिठ्ठी बाकीच्यांत गेली. त्याच वसंतात आमच्या गावच्या ब्लाझने चिठ्ठ्यांच्या टोपलीतून ती उचलली आणि जत्रेत माझ्या गळ्यात काळीज अडकवलं. मी कारखान्यातलीच, मला ती ओळ कुठून आली ते चांगलं ठाऊक. तरी ब्लाझ छाती पुढे काढून म्हणाला, "आमची आजी म्हणायची हे. तिच्याकडून शिकलो." मी हसले नाही. ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्या पहिल्याच थापेला हसू नये, एवढी अक्कल होती. पण थाप घरात शिरली ती शिरलीच. लग्नानंतर सासूबाई आल्यागेल्याला भिंतीवरचं काळीज दाखवून सांगायच्या, "माझी आई चुलीशी बसून गायची हो हे." त्यांना खरंच तसं आठवायला लागलं होतं. वर्षभराने त्यांनी त्याला चालही लावली.

मग झाग्रेबहून प्रोफेसर आले. स्वच्छ कफ, छोटी वही, बोलणं लोण्यासारखं. गावोगावच्या काळजांवरच्या ओळींचं पुस्तक करणार होते. टोपलीभर चिठ्ठ्या त्यांनी वाचल्या आणि त्या चार ओळींवर थांबले. दोनदा वाचल्या. चष्मा काढून पुसला.

तेता उठून पुढे आली. हात एप्रनला पुसत म्हणाली, "ही मी लिहिलीय."

"बाई, तुम्ही उतरवून घेतली असेल."

"लिहिलीय. आई गेली तेव्हा. पुस्तकात घालणार असाल तर नावासकट घाला. बाकीच्या सगळ्या फुकट घ्या, मला नकोत. हिच्याखाली नाव हवं. आगाता. आडनाव नसलं तरी चालेल."

चाळीस वर्षांची ती बाई स्वतःसाठी काही मागत होती. पुन्हा कधी मी तिला मागताना ऐकलं नाही.

प्रोफेसर वाईट माणूस नव्हते, हेच वाईट. ते शांतपणे म्हणाले, "माझा नियम साधा आहे. ही ओळ तुमच्याआधी कुणी ऐकलेली नसेल तर तुमचं नाव घालतो. एकानेही ऐकलेली असेल तर ती लोकांची."

आधी इम्ब्रोला विचारलं. त्याच्या दारावर पाटी होती, 'आजोबांच्या साच्यांतली जुनी काळजं'. जुनेपणावर त्याचं दुकान चालायचं. तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडे सगळं आजोबांच्या काळापासूनचंच." बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

तेता म्हणाली, "त्याला काय विचारता? त्याला पीठ आणि भुसा एकच. हिला विचारा. ही समोर होती."

प्रोफेसर माझ्याकडे वळले. यात्रेचा दिवस होता, दुकान भरलेलं. मेणबत्त्यांच्या टोपलीपाशी सासूबाई उभ्या होत्या, शेजारी ब्लाझ. ब्लाझचे कान लाल झाले होते. सासूबाई मला मान हलवून सांगत होत्या, सांग ना गं, सांग, माझ्या आईचं म्हणून. खरं बोलले असते तर भर दुकानात नवरा थापाड्या ठरला असता, सासू खुळी ठरली असती, आणि माझ्या भिंतीवरच्या काळजातल्या ओळी टोपलीतून उचललेल्या. मला सहावा महिना होता. त्या घरात मला राहायचं होतं.

मी म्हणाले, "जुनंच आहे. आमच्या ह्यांची आजी म्हणायची."

सासूबाईंनी लगेच चाल लावून म्हणून दाखवलं. प्रोफेसर खूश झाले, चालसुद्धा उतरवून घेतली.

तेता वळली. खिडकीशी जाऊन बसली आणि आरसे चिकटवायला लागली. एकामागून एक, नीट मधोमध. त्या दिवसानंतर तिने नवी ओळ लिहिली नाही. जुन्याच उतरवत राहिली, म्हातारी होईपर्यंत. मला मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्म्याची मेणबत्ती घेऊन आली, अस्सल मेणाची. मी रडायला लागले आणि म्हणाले, "तेता, त्या दिवशी मी..." तिने मला पुरतं बोलूही दिलं नाही. "संसार नीट चाललाय ना तुझा? मग झालं तर." यात टोमणा होता की नव्हता हे मला अजून कळलेलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पुस्तक आलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं. प्रस्तावनेत प्रोफेसरांनी लिहिलं होतं की आपल्या साध्या लोकांनी जगाला दोन गोष्टी दिल्या, गोडवा आणि उजेड. पुस्तकाची पहिलीच कविता तेताची, तिच्या नावाशिवाय. इम्ब्रोने ते दुकानात काचेत ठेवलं. तेता रोज त्या काचेची धूळ पुसायची, कारण दुकान झाडायचं काम तिच्याकडे होतं.

युद्ध आलं, गेलं. मेण महाग झालं, इम्ब्रोने पॅराफिन आणलं. तेता जायला टेकली तेव्हा घरात अस्सल मेणाची एकही मेणबत्ती नव्हती. मी गावभर शोधली. शेवटी माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याची, पेटीत जपून ठेवलेली, तीच नेली आणि पेटवून तेताच्या हातात दिली. बोटं तिला मिटता येत नव्हती. मीच धरून ठेवली. तिने ज्योतीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

इम्ब्रोला बहिणीचं प्रेम उशिरा आठवलं. तिच्या थडग्यावर दगड चांगला बसवला. आता दगडावर काय कोरायचं म्हणून पाद्र्यांनी काचेतलं पुस्तक मागवलं आणि पहिलंच पान उघडलं. पाद्री नवे होते, त्यांना काय माहीत. म्हणाले, "मेणबत्त्या करणाऱ्या बाईला हे किती शोभतं बघा!"

दर रविवारी मी तिकडे जाते. नाव वर आहे, मोठ्या अक्षरांत, आगाता. मग जन्म, मरण, सालं. मग त्या चार ओळी. आणि त्यांच्या खाली, पुस्तकात होतं तसंच, कारागिराने इमानदारीने कोरलंय: लोकांची रचना.

लोक म्हणजे कोण, हे मी कुणाला विचारत नाही. त्या दिवशी दुकानात लोकांच्या वतीने मीच बोलले होते.