बांग खुन थियनचा बांध

बांग खुन थियन हा बँकॉक शहराचाच विभाग, पण लामुनच्या दारात शहराची खूण म्हणजे एक विजेचा खांब. बाकी सगळी खारफुटी, चिखल आणि कोळंबीची तळी. तिचं माहेरचं घर समुद्राने कधीच गिळलं होतं. ते कुठे होतं असं कुणी विचारलं, तर ती पाण्याकडे बोट दाखवी. उरलेलं एक तळं तिने आणि तिचा नवरा प्रायून याने बांध घालघालून राखलं होतं. शेजारचं तळं चालोंगचं. मधल्या बांधावरून तंटा झाल्यापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

त्या दुपारी मोठी भरती होती आणि वाराही सुटला होता. समुद्राचं पाणी अडवणाऱ्या उघाडीची फळी बसवायला प्रायून खाली उतरला, तोच जुनी चौकट त्याच्या पायावर कोसळली. पाणी धाडधाड आत घुसू लागलं. लामुनने पहार लावून चौकटीची तुळई उचकटून पाहिली. ती तसूभर हलली नाही. पाणी प्रायूनच्या छातीला लागलं.

"तू वर जा," तो म्हणाला.

"गप्प बस. हनुवटी वर धर."

चालोंगने कोळंबी धरायला आपलं तळं उपसून ठेवलं होतं. मधला बांध फोडला तर पाणी तिकडे धावेल, हे तिला दिसत होतं. त्याची सगळी कोळंबी हातची जाईल, हेही. तिने कुदळ उचलली.

चार घाव पडतात न पडतात तोच चालोंग ओरडत आला. "ए बाई, डोकं फिरलं का तुझं? माझ्या पोटावर कुदळ घालतेस?"

"दादा, प्रायून खाली अडकलाय!"

चालोंगने वाकून पाहिलं. पाण्यावर नुसतं तोंड उरलं होतं. त्याने तिच्या हातातली कुदळ हिसकावली.

"अशी कोरत बसलीस तर तो बुडेल. सर बाजूला!"

बांध फुटला. पाणी चालोंगच्या तळ्यात लोटलं, त्याची कोळंबी चिखलात उधळली. तिकडे न बघता त्याने खाली उडी टाकली. पाणी प्रायूनच्या खांद्याखाली आलं, तेव्हा लामुनने पुन्हा पहार लावली, तिने आणि चालोंगने मिळून तुळई उचलली आणि त्याला बाहेर ओढलं. लामुनला त्यानंतर कितीतरी वेळ पहार हातातून सोडता येईना.

प्रायूनचा पाय वाकडा राहिला. पुढच्या हंगामात लामुनने पहिलं जाळं चालोंगच्या अंगणात रिकामं केलं.

"माझी कोळंबी याहून मोठी होती," तो म्हणाला.

"तुझी जीभही काही लहान नाही, दादा. पाटी आण."

भरतीच्या दिवसांत लामुन आता नवऱ्याला उघाडीजवळ फिरकू देत नाही. तो ओट्यावरून सूचना ओरडत बसतो, आणि ती चालोंगबरोबर चिखलात उतरते.