लुआनताई उंबरठ्यावरून फिरली

उत्तर चीनमधल्या आमच्या तेलविहिरींच्या गावात ड्रिलिंगच्या तुकडीला जेवू घालायचं काम लुआन ग्वेईछिनकडे होतं. आम्ही तिला ताई म्हणायचो. रोज पहाटे ती दीडशे माणसांचे वाफवलेले पाव करायची. पहिला पाव स्वतः चाखायची, दुसराही.

तिच्या त्रेचाळिसाव्या वर्षी दवाखान्यात स्वयंपाकघरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. उपाशीपोटी साखरेचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं. ताईचा साखरेचा आकडा, आमच्याकडच्या मापात, आला ९.८.

डॉक्टर शीबाई म्हणाल्या, "७.८च्या आत ठीक, अकराच्या पुढे मधुमेह. तुम्ही उंबरठ्यावर आहात. अजून मागे फिरता येतं."

ताईच्या आईचा पाय याच दुखण्यात कापला होता. चार वर्षं ताईनंच तिला पाठुंगळीला घेऊन जिना उतरवला होता.

त्याच संध्याकाळी तिनं नवऱ्याला, ह्वोभाऊंना, बजावलं, "आजपासून भात अर्धी वाटी, कोबी दुप्पट. डुकराची चरबी बंद!"

"रक्त तुझं तपासलं, आणि उपाशी मी मरू?"

"आधी स्वतःचं पोट बघा, मग बोला!"

बाहेर उणे पंचवीस अंश थंडी. चालायचं कुठं? ताई आमच्या इमारतीचे सहा मजले चढ-उतार करू लागली, रोज दहा वेळा. तिसऱ्या दिवशी मी दार उघडून विचारलं, "ताई, काही हरवलंय का?"

"वजन हरवायचंय! बघत काय उभी राहिलीस, चल!"

गेले. पंधरा दिवसांत आम्ही सातजणी झालो. जिना नुसता दणाणायचा. वर्षात ताईचं वजन सहा किलोंनी उतरलं.

आणि तपासणीत आकडा आला १०.१!

ताईनं कागद भिरकावला. "एवढं करून?"

"एवढं केलंत म्हणून अकराच्या आत आहात," शीबाई म्हणाल्या. "आता जोडीला गोळी घ्या."

"म्हणजे मी हरले?"

"चढावर गाडीला दुसरा घोडा जोडला, तर पहिला हरतो का हो?"

पहिले आठ दिवस गोळीनं पोट ढवळलं. ताईनं गोळीला, डॉक्टरला आणि आम्हालाही शिव्या घातल्या. पण एकही दिवस चुकवला नाही. जेवणासोबत गोळी, जेवण झालं की जिना.

पुढच्या वर्षी निकालाच्या दिवशी आम्ही सहाजणी दवाखान्याच्या बाकावर दाटीवाटीनं बसलो होतो. दार उघडलं. ताई कागद हवेत नाचवत आली.

"सात पॉइंट तीन! अगं, सात पॉइंट तीन! धडधाकट माणसांच्या यादीत आले!"

मग काय, आम्ही तिथंच फेर धरला. नर्स ओरडली, "दवाखाना आहे हा!" आणि पुढच्याच क्षणी तिनंही हात वर केले. शीबाई दारातून म्हणाल्या, "नाचा, पण गोळी आणि जिना सोडायचा नाही!"

"सोडतंय कोण!" ताई म्हणाली.

या गोंधळात ह्वोभाऊ कुठं दिसेनात. शोधलं, तर ते आतल्या खोलीत बाही वर करून बसले होते. "माझंही घ्या रक्त," ते नर्सला म्हणत होते. "पण आकडा आधी मला सांगा, हिला नको."