पात्याची धार कुणीकडे

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गावात कुणी लपवत नाही. माझं माहेर मुरबाडकडचं, सासर शेणव्याजवळचं. काही बिनसलं की सासरे, म्हणजे आमचे आबा, हसून म्हणायचे, "मुरबाडचं पानी हाय, उकळायला जाळ लागत नाय." त्या जूनच्या सुरुवातीला मात्र रागाला कारण होतं. मला न विचारता नवऱ्यानं भंगारवाल्याला शनिवारी बोलावून ठेवलं होतं. तो आमचा रोटर न्यायला येणार होता.

रोटर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, जमीन मोकळी करणारं यंत्र. आडव्या दांड्यावर वाकडी लोखंडी पाती असतात, ती फिरत जातात आणि माती कापत जातात. आमचा रोटर आबांनी घेतला तेव्हाच जुना होता. त्याचं सगळं तेच बघायचे. मागच्या दिवाळीआधी त्यांना झटका आला आणि उजवा हात कामातून गेला. तेव्हापासून ते ओट्यावर बसून असत. तो हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

नवऱ्याचं अगदीच चूक होतं असंही नाही. तो वाशिंदला कारखान्यात जातो, पाळीची ड्युटी. "पाती झिजली, बेरिंग वाजतंय, तेल गळतंय," तो म्हणाला. "आबा करत हुते तवर ठीक हुतं. आता कोन बसनार त्याच्या मागं?"

"मी," मी म्हटलं.

तो हसला नाही, एवढं बरं केलं. "शनवारपर्यंत चालू झाला तर राहू दे," म्हणाला आणि आंघोळीला गेला.

सगळ्यांना मी सांगत होते, रोटर गेला तर भात लावायच्या आधी चिखलणीला दुसऱ्याच्या मशीनची वाट बघावी लागेल, रोपं जून होतील. ते खरंच होतं. पण माझ्या मनात दुसरंच होतं. दोन पावसाळे मी ट्रॅक्टर चालवला होता. त्या सीटवरून आमचं शेत मला पहिल्यांदा पुरतं दिसलं होतं, एरवी मी ते वाकूनच पाहिलेलं. रोटर गेला की मी परत भाकऱ्या घेऊन बांधावर. मला ती सीट सोडायची नव्हती.

मंगळवारी मुरबाडला जाऊन पाती, बेरिंग, ऑइल सील, नटबोल्ट असं सगळं घेतलं. दुकानदारानं माझ्या मागं कुणी दिसतंय का ते बघितलं. "मालक नाही आले?" "मालकच आल्यात," मी म्हटलं. मग त्यानं सामान काढलं.

बुधवारी रोटर ट्रॅक्टरपासून सोडवून लाकडी ओंडक्यांवर उचलून ठेवला. आबा ओट्यावरून म्हणाले, "एक काढ, एक बसव. समदी एकदम काढू नको." मी हो म्हटलं आणि दुपारपर्यंत छत्तीसच्या छत्तीस पाती काढून मोकळी झाले. गंजलेला एकेक नट सोडवताना असा चेव चढला होता की थांबायचं कुठं तेच कळेना.

मग एक जुनं पातं आणि एक नवं, दोन्ही शेजारी ठेवून बघितली. नवं तळहाताएवढं रुंद. जुनं दोन बोटंसुद्धा भरत नव्हतं, आणि इतकं गुळगुळीत की धार कुठली नि पाठ कुठली ते बोटाला कळू नये. पावसाळ्यात जिच्यात पाय पोटरीपर्यंत सहज जातो, पोरं जिचे बैल करतात, त्या मऊ मातीनं हे खाल्लं होतं. छत्तीस पात्यांचं निम्म्याहून जास्त लोखंड नाहीसं झालं होतं आणि आम्हाला कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

"आबा, एवढं लोखंड गेलं कुटं?"

"जानार कुटं? शेतात हाय," आबा म्हणाले. "भातातनं तुमीच खाल्लंत."

त्या संध्याकाळी भात वाढताना माझा हात जरा थांबला. इतकी वर्षं मी ताटात काय वाढते आहे ते मला ठाऊकच नव्हतं.

गुरुवारी बेरिंग काढायला नवरा ड्युटीवरून आल्यावर शेजारी येऊन बसला. डाव्या बाजूचं सील फाटलं होतं. आत चिखल जाऊन बेरिंगचा पार चुरा झालेला. उजव्या बाजूला बाहेरून वीतभर चिखल वाळून दगड झाला होता. तो फोडून आत बघितलं तर तेल स्वच्छ, साखळी चकचकीत. मध्ये फक्त बांगडीएवढी रबराची एक कडी. एवढ्याशा कडीनं सगळं शेत बाहेर अडवून धरलं होतं. मी ती कडी पुसून नवऱ्याच्या हातात दिली. त्यानं उलटसुलट करून बघितली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

शुक्रवारी नवी पाती बसवली. फणसाची सावली रोटरच्या पुढच्या बाजूला होती, म्हणून तिथंच बसले. एकेक पातं खाली आणायचं, बोल्ट घालायचा, पान्यानं आवळायचं. हात असे चालत होते, जसे जन्मभर हेच केलंय. दुपारनंतर ट्रॅक्टर जोडला आणि घरामागच्या तुकड्यात रोटर खाली सोडला. दोन पाऊस होऊन गेले होते, जमीन ओली होती. तरी रोटर मातीत शिरेना. धपाधप उड्या मारायला लागला. मी आणखी दाबला, तो आणखी उडाला. ओट्यावर आबांचा डावा हात वर गेला. मी इंजिन बंद केलं.

"कापत नाय तो," आबा म्हणाले. "कुटतोय."

मी हातातल्या पान्यानं जमिनीवर राग काढला. उद्या शनिवार. आबांनी माझं आपटून होईपर्यंत वाट बघितली.

"पाती बसवताना कुटं बसली हुतीस?"

"पुढं. सावलीत."

"धार कुनीकडं केलीस?"

मी हात पुढं करून दाखवलं. माझ्याकडे. दुसरीकडे धार करायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कळत्या वयापासून विळा हातात आहे, आणि विळ्याची धार आपल्याकडेच असते.

आबा हसले. झटका आल्यापासून तोंडाची एकच बाजू हसायची, पण हसले. "उतावळी नवरी," म्हणाले. "एकेक काढली असतीस तर जुन्यानं नव्याला बाजू दाखवली असती. पन हात खोटा नाय गो तुझा. बसलीस खोट्या बाजूला. मागं बस."

मी रोटरच्या मागं जाऊन बसले. आबांनी सांगितलं तसा दांडा हातानं फिरवला, ट्रॅक्टरची चाकं पुढं जाताना फिरतात तसा. वरून पातं पुढं गेलं, खाली उतरलं आणि जमिनीजवळून सरळ माझ्याकडे आलं. मग दुसरं आलं, मग तिसरं. भाताची मूठ धरून विळा ओढावा, तसं प्रत्येक पातं माझ्याकडे ओढ घेत होतं. ज्या यंत्राची इतकी वर्षं मला धास्ती वाटायची, त्याच्या पोटात माझाच विळा होता, छत्तीस वेळा. तो कुणीतरी कुठंतरी बसून असा रचला होता आणि आबांना तो ओट्यावरून नुसत्या आवाजात ऐकू आला होता.

दिवस मावळेपर्यंत सगळी पाती सोडवून पुन्हा बसवली. या वेळी एक काढलं, एक बसवलं.

शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो दारात आला तेव्हा मी शेतात होते. रोटर खाली सोडला. या वेळी उडी नाही, धपधप नाही. ट्रॅक्टरचा आवाज जड झाला आणि मागं काळी माती मोकळी होऊन पडायला लागली. वळणावर बघितलं तर नवरा टेम्पोवाल्याला झिजलेली पाती दाखवत होता आणि रोटरकडे बोट करून नाही म्हणत होता. मला काय वाटलं सांगू? ओरडावंसं वाटलं. जिंकले होते मी.

दुसऱ्या फेरीला वळले तर ओटा रिकामा होता. आबा काठी टेकत टेकत शेतात उतरले होते, आजारपणानंतर पहिल्यांदाच. मी इंजिन बंद केलं. ते मोकळ्या झालेल्या मातीच्या कडेला खाली बसले, डाव्या हातानं मूठभर माती उचलली, ती उजव्या तळहातावर ठेवली आणि त्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक करून मातीवर मिटवली.

"कापली," ते म्हणाले.

आठवडाभर मी शनिवार माझाच समजत होते. त्या टेम्पोची धास्ती आबाही आठवडाभर ओट्यावर घेऊन बसले होते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी सीटवरून उतरले आणि त्यांच्या शेजारी मातीत बसले.