बोटीवर जेवायला कुठे बसायचं: आई, मी आणि टेबल क्रमांक बेचाळीस

क्रूझचं बुकिंग करताना माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो फॉर्मवरच्या एका चौकटीवर. रात्रीचं जेवण ‘फिक्स्ड’ हवं की ‘फ्लेक्झिबल’? फिक्स्ड म्हणजे चारही रात्री तेच टेबल, तीच वेळ आणि शेजारी तीच माणसं. फ्लेक्झिबल म्हणजे वाटेल तेव्हा जा आणि जागा मिळेल तिथे बसा. दोन्हीचे पैसे सारखेच होते. पैसे सारखे असूनही कोणी निवड करायला लावलं की मला आधी काहीतरी गोम असल्याचा वास येतो. मी तीन दिवस लोकांचे अनुभव वाचले, कंपनीला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा पलीकडची मुलगी इतकं गोड बोलली की संशय आणखी वाढला.

मी बेळगावात अनगोळला राहते, पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवते. आई माझ्याकडेच असते. निपाणीत तंबाखूच्या वखारीत तिने तीस वर्षं तंबाखू निवडली, त्यातून मला शिकवलं. समुद्र तिने एकदाच, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरून पाहिला होता. तिला बोटीत बसायचं होतं, म्हणून मुंबई ते लक्षद्वीप आणि परत अशी चार रात्रींची सहल ठरवली.

माझं मत फ्लेक्झिबलकडे होतं. खोदून विचारणारं कोणी शेजारी आलंच, तर दुसऱ्या दिवशी टेबल बदलून मोकळं होता येतं. आई मात्र ऐकेना.

“आपली एक खुर्ची ठरल्याली असू दे,” ती म्हणाली. “ताट हातात घिऊन जागा हुडकत फिरायचं माझ्यानं व्हायचं न्हाय.”

“आणि शेजारी कसलीही माणसं आली म्हणजे?”

“आली तर आली. माणसंच असत्यात की.”

मी फिक्स्डवर टिचकी मारली. मनातून पटलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं सांगते. बेळगावहून रात्रीची स्लीपर बस मुंबईला थेट जाते, पण आईचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही सकाळच्या बसने पुण्याला गेलो, मावसबहिणीकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी मुंबईचा धक्का गाठला. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यापर्यंत कन्नडमध्ये बोलणारा कंडक्टर नाका ओलांडल्यावर मराठीत बोलायला लागला. डबा घरून न्या. हायवेवरच्या हॉटेलात दोन प्लेट पोहे आणि दोन चहाचे दोनशे ऐंशी घेतले, आणि पोहे कालचे असावेत.

धक्क्यावर चार तास जातात, हे कंपनी सांगत नाही. सामान आधीच काढून घेतात. ते परत मिळेल यावर माझा विश्वास नव्हता, पण संध्याकाळी खोलीच्या दारात ते मुकाट उभं होतं. बोटीवरच्या एका हसऱ्या मुलीने ‘फ्री मसाज चेकअप’चं कार्ड दिलं. फुकट चेकअपमध्ये तुम्हाला चार आजार आहेत असं निघतं आणि पाचव्या मिनिटाला पॅकेज पुढे येतं. तिकडे फिरकू नका.

साडेसातला आम्ही डायनिंग हॉलमध्ये गेलो. पांढरं कापड अंथरलेलं टेबल क्रमांक बेचाळीस, चौघांचं. आईने खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि बसली. समोर एक जोडपं आधीच बसलं होतं. साधारण आईच्याच वयाचं. गृहस्थांच्या डोक्यावर पांढरी टोपी, बाईंच्या हातात घरून आणलेली लिंबाच्या लोणच्याची बाटली.

“कुठलं तुमी?” बाईंनी विचारलं.

“बेळगाव,” आई म्हणाली.

“आगं बया! आमी खानापूरकडचं की! लेक बेंगळूरला हाय, त्यानं धाडलंय. आमी पाटील.”

बाई हरखल्या. कंपनीने पत्ते बघून बेळगावकडच्यांना एकत्र बसवलं होतं, हे वेटरकडून नंतर कळलं. आपल्या मुलखाची माणसं परगावी भेटली की लोकांना बरं वाटतं. मला घाम फुटतो. सुरतेच्या किंवा दिल्लीच्या माणसाला आमचं आडनाव नुसतं आडनाव असतं. आमच्या भागातल्या माणसाला त्यावरून गावात आमचं घर कुठल्या टोकाला, तेही कळतं. आम्ही कांबळे, बौद्ध. बेळगावात भाड्याने घर शोधत होते तेव्हा तीन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर “जागा कालच गेली बघा” हे ऐकलंय. दोन ठिकाणी तर किल्ली मालकांच्या हातातच होती. आता स्वतःचं घर आहे, पण दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं माझं झालंय.

पाटलांनी सूप संपवलं, मिशा पुसल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, “आडनाव काय म्हणालासा?”

आम्ही काहीच म्हणालो नव्हतो. आईने तोंड उघडलं आणि तिच्या आधी मी म्हणाले, “निपाणीकर.”

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पोळीचा तुकडा मोडला.  पाटीलकाकू एकट्याच नातवाबद्दल, भाताच्या रोपांबद्दल, बोटीवरच्या न्हाणीघराबद्दल बोलत राहिल्या. त्यांनी लोणचं पुढे केलं, तर मी “ॲसिडिटी आहे” म्हणून तेही नाकारलं.

दुसरा दिवस नुसत्या समुद्राचा. आई डेकवर बसून पाणी बघत होती. मी तिला न सांगता रिसेप्शनवर गेले. एक खोटं बोलून झालं होतं, आता तीन रात्री ते सांभाळायचं होतं. निपाणीकर म्हणजे कुठले, पाहुणे कुठे, देवक कोणतं, हे प्रश्न येणारच होते. तिथल्या मुलाने यादीत काहीतरी खोडलं आणि म्हणाला, “झालं मॅडम, आता तुम्ही फ्लेक्झिबल.” दोन मिनिटांत काम. मला हलकं वाटलं, हे कबूल करते.

संध्याकाळी आई साडेसातला तयार होती. केसांना तेल, इस्त्रीची साडी. मी तिला लिफ्टने वरच्या मजल्यावर बुफेला नेलं. तिथे जत्रा भरली होती. ज्यांना ‘वाटेल तेव्हा’ जेवायचं होतं त्या सगळ्यांना एकाच वेळी वाटलं असावं. फ्लेक्झिबल घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा: सात ते साडेआठ खुर्ची मिळत नाही, गरम पोळी तर नाहीच. आई भरलेलं ताट घेऊन खांबापाशी उभी राहिली. मी जागा शोधत पुढे गेले, दहा मिनिटांनी कोपऱ्यात दोन खुर्च्या सापडल्या, तेव्हा मागे वळून पाहिलं. ती तिथेच होती, ताट छातीशी धरून, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट देत.

बसल्यावर तिने ताटाला हात लावला नाही.

“आपलं टेबल?” तिने विचारलं.

“बदललं आई. इथे बरं आहे, हवं ते घेता येतं.”

तिने आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “त्यांनी सांगितलं व्हय?”

“कुणी?”

“पाटलांनी. ह्यास्नी दुसरीकडं बसवा म्हणून.”

खरं लिहिते. मला ‘हो’ म्हणावंसं वाटलं. एक शब्द पुरला असता. तिला पटला असता आणि मी सुटले असते. पाटील तिथे नव्हते, त्यांना कळलंही नसतं. पण आईचा चेहरा इतका उतरला होता की मला खोटं रेटवेना.

“नाही आई. मी बदललं. त्यांनी आडनाव विचारलं म्हणून.”

“मग सांगायचं.”

“सांगितल्यावर ते उठून गेले असते म्हणजे?”

“उठून ते गेलं असतं. मी बसल्यालीच असते की.” तिने ताट बाजूला सारलं. “आठ-नऊ वर्साची आसंन मी. गावात लग्नाची पंगत बसलीती. मैत्रिणीच्या शेजारी बसले. एका बाईनं दंडाला धरून उठवलं. पत्रावळ हातात तशीच, त्यावर भात. कुठं जायचं ते बी कळंना. तवा दुसऱ्यानं उठवलंतं गं. आज तू उठवलंस.”

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. मी तिच्या आणि माझ्या, दोन्ही ताटांकडे बघत बसले. लाज वाटली. अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी लक्षद्वीप. मोठी बोट लांब थांबते आणि लहान होड्यांतून बेटावर नेतात. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं, होडीतून उतरताना दोघांचा आधार लागतो. पाणी मात्र इतकं स्वच्छ की आईला स्वतःच्या पायाची बोटं दिसत होती. ती घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. नारळपाणी शंभर रुपयांना. मी घासाघीस केली, विकणाऱ्याने ऐकलं नाही. ट्यूना मासा तळलेला मिळतो, तो चुकवू नका.

तिथेच पाटीलकाकू साडी वर धरून पाण्यातून आमच्याकडे आल्या.

“काल कुठं हुतासा? आमी वाट बघत बसलो की. भात गार झाला, मग त्यो वेटर म्हणला, ती येणार न्हाईत.”

वाट बघत बसलो, असं लोक म्हणतातच. म्हणायला काय जातंय, असं माझ्या मनात आलं. पण मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “आज येतो.”

मी पुन्हा रिसेप्शनवर गेले. तोच मुलगा. पुन्हा फिक्स्डवर जाणं फ्लेक्झिबलइतकं सोपं नसतं, खुर्ची दुसऱ्याला दिली असेल तर मिळत नाही, हे त्याने आता सांगितलं. आमच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या.

संध्याकाळी आई बेचाळीसवर बसली. सूप यायच्या आधीच तिने हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “माझं नाव इंदुबाई कांबळे. निपाणीला वखारीत तंबाखू निवडायची. परवा लेकीनं निपाणीकर सांगितलं. शिकल्याली हाय, पर भिते.”

पाटलांचा हात ग्लासावर तसाच राहिला. त्यांनी बायकोकडे बघितलं. काकूंनी आईकडे, मग माझ्याकडे.

“असू दे की,” काकू म्हणाल्या. “आता कोण मानतंय?”

हे वाक्य मला आवडत नाही. ज्यांना कधी सोसावं लागलं नाही तेच ते म्हणतात. मी तोंड उघडणार होते, पण आईच शांतपणे म्हणाली, “मानत नसला तर बरंच हाय.”

काकूंची मान जरा खाली गेली. मग त्यांनी लोणच्याची बाटली आईपुढे सरकवली. आईने आपल्याच चमच्याने फोड काढली, मुद्दाम. मी काकूंच्या हाताकडे बघत होते. काकूंनी बाटली परत घेतली, स्वतःच्या ताटात फोड वाढून घेतली आणि खाल्ली. पाटलांनी घेतलं नाही. परवा घेतलं होतं का? मला आठवेना. बीपी आहे म्हणाले, मीठ बंद. पण पापड त्यांनी खाल्ला, तोही दोन! मी पापडाकडे आणि बाटलीकडे आळीपाळीने बघत होते. आई आणि काकू एव्हाना रोपांवर आणि नातवांवर पोचल्या होत्या.

“तू त्येंच्या ताटात बघत बसलीस,” खोलीवर आल्यावर आई म्हणाली. “तुझं जेवण गार झालं. मी पोटभर जेवले.”

चौथ्या रात्री पाटील आमच्या आधी येऊन बसले होते. आई आल्यावर त्यांनी अर्धवट उठून खुर्ची ओढून दिली. लोणचं त्या रात्रीही घेतलं नाही. त्यांच्याबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही, आणि ते झालंच पाहिजे असं आता वाटत नाही.

तर फिक्स्ड घ्यावं की फ्लेक्झिबल? लहान मुलं असतील, जेवणाच्या वेळा सांभाळता येत नसतील, तर फ्लेक्झिबल घ्या, पण नऊनंतर जा. म्हातारी माणसं सोबत असतील तर फिक्स्ड. वेटरला दुसऱ्या दिवसापासून पथ्य लक्षात राहतं, पाणी न मागता येतं. आणि सोबतच्या माणसाला विचारल्याशिवाय त्याची जागा बदलू नका.

परत आल्यावर रविवारी निपाणीहून मावशी आली. मी आत चहा टाकत होते. बाहेर आईचं वर्णन रंगलं होतं: लिफ्ट, पाय दिसणारं पाणी, खोलीत पलंगावर ठेवलेला टॉवेलचा हत्ती.

“आनि जेवणाचं कसं हुतं गं?” मावशीने विचारलं.

“झ्याक. टेबल ठरल्यालं, खुर्ची ठरल्याली. खानापूरकडची माणसं हुती संगं.” आई थोडी थांबली. “एक दिस बोटवाल्यांचा घोळ झाला, दुसरीकडंच बसवलं आमाला. मग केलं त्यांनी नीट.”

चहा उतू गेला तरी मी तिथेच उभी होते. माझ्या सख्ख्या मावशीपुढेसुद्धा तिने माझं नाव घेतलं नाही. बाहेर जाऊन खरं सांगायचं धाडस मला झालं नाही, म्हणून इथे लिहिते: घोळ बोटवाल्यांनी केला नव्हता.