वरातीत उधळलेली पोलोची घोडी

खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ले. पण निवृत्तीनंतर कुणी गप्पा मारायला येऊन बसलं, की माझ्या तोंडून आधी निघते ती एका घोडीची केस. तिच्यातला एकेक माणूस आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. माणसांची नावं मी सांगणार नाही. घोडीचं सांगतो, तिची काही हरकत नसावी. तिचं नाव शबनम.

तेव्हा मी बुलढाण्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळीचा बंदोबस्त नुकताच संपला होता. सकाळी हजेरी घेऊन खुर्चीत टेकलो, तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलाकडून हसण्याचा आवाज आला. फिर्यादीसमोर कुणी हसलेलं मला मुळीच खपत नाही. तडक बाहेर आलो. टेबलासमोर पस्तिशीतला एक सडपातळ माणूस ताठ उभा होता. मागे त्याचे वडील, पांढरी दाढी, हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा. घोडी चोरीला गेल्याची फिर्याद होती. व्यवसाय विचारल्यावर मुलगा म्हणाला, पोलो खेळतो. आमच्या अंमलदाराला पोलो म्हणजे कॉलरचा टी-शर्ट एवढंच ठाऊक, म्हणून त्याला हसू फुटलेलं. मी अंमलदाराला डोळ्यांनीच गप्प केलं आणि दोघांना आत बोलावलं.

वडील धाडजवळच्या एका गावचे नालबंद. घोड्यांना, बैलांना नाल ठोकणं हा घरचा पिढीजात धंदा. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही पुढे तेच म्हणायला लागलो. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमधून घोडी पहाटे नाहीशी झाली होती. वर्णन विचारलं तर मुलगा घडाघडा सांगत गेला. कुमैत रंग, म्हणजे अंग तांबूस-तपकिरी आणि पाय काळे. कपाळावर पांढरा ठिपका. मानेवर आयाळ नाही.

"आयाळ नाही? जन्मतः नाही का?" मी विचारलं.

तो म्हणाला, "नाही साहेब, मीच काढली. काठी फिरवताना केसात अडकते. आमच्यात हंगामाच्या आधी आयाळ काढाच लागते."

गुन्हा दाखल केला, भादंवि कलम तीनशे एकोणऐंशी. पंचनाम्याला स्वतः गेलो. शेडच्या मागे टेम्पोच्या चाकांचे ओले ठसे होते, ते थेट डांबरी रस्त्याला लागून पुसले गेले होते. कडीकोयंडा फोडलेला नव्हता, साधी दोरी सोडलेली होती. बाजारच्या दिवशी आलेल्या-गेलेल्या शंभर जणांना चाचांनी कौतुकानं घोडी दाखवली होती. त्यामुळे संशय कुणावर घ्यायचा हाच प्रश्न होता.

माझी एक सवय आहे. ज्याचं काही गेलंय, त्याचं काम काय ते मी आधी समजून घेतो. चहा मागवला आणि म्हटलं, सांग बाबा, हे पोलो काय प्रकरण आहे? मग तो जे बोलला, ते ऐकून अंमलदारही खुर्ची ओढून जवळ बसला.

हा पोरगा जयपूरला सईस म्हणून गेला होता, घोड्यांची लीद काढायला. एका संघमालकानं त्याला सोबत अर्जेंटिनाला नेलं. तिथली पोरं चालायच्या आधी घोड्यावर बसतात म्हणे. जगातले पहिल्या फळीचे बहुतेक खेळाडू तिथलेच. तिथे सकाळी तबेला झाडायचा आणि दुपारी जुनी काठी घेऊन एकट्यानं चेंडू मारायचा, असं करत करत तो खेळाडू झाला. काठी फक्त उजव्या हातात धरायची आणि लगाम डाव्या हातात. खेळाडू डावखुरा असला तरी त्यातून सुटका नाही. या लोकांची किंमत गोलांत ठरते. दरवर्षी समिती बसते आणि प्रत्येकाला गोल देते. सगळ्यात वरचे दहा, आणि दहा गोलांचे खेळाडू साऱ्या जगात मूठभर. आमचा पोरगा चढत चढत चारवर गेला होता. हिंदुस्थानातल्या माणसाला चार म्हणजे फार मोठी गोष्ट.

या लोकांचं आयुष्य हंगामाच्या मागे धावतं. उन्हाळ्यात इंग्लंड, मग अर्जेंटिना, थंडीत दुबई नाहीतर आपलं जयपूर-दिल्ली. घर म्हणजे बॅग. खर्च मालक करतो आणि बऱ्याचदा स्वतःही संघात खेळतो. मग त्याचा खेळ कसाही असो, त्याला चेंडू द्यावाच लागतो. हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. सामन्यात दर डावाला घोडा बदलतात, आणि शेवटच्या डावासाठी सगळ्यात चांगली घोडी राखून ठेवतात. मोठमोठे खेळाडू नावारूपाला येतात ते अशा एखाद्या घोडीच्या जिवावर. अर्जेंटिनात तर गाजलेल्या घोडीची हुबेहूब नक्कल प्रयोगशाळेत तयार करतात. शबनम त्याची शेवटच्या डावाची घोडी होती. लहानपणी कुणी नको म्हणून टाकलेली, यानं स्वतः तयार केलेली.

दोन वर्षांपूर्वी पडून त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. चाराचे तीन झाले, मग दोन. हाड जुळलं, घोडीला विश्रांतीसाठी गावी आणलं, जानेवारीत जयपूरचा हंगाम होता. घोडी गेल्याचं कळताच संघमालकानं फोनवर विचारलं, घोडी नसेल तर तू येऊन काय करणार?

"एक हंगाम घरी बसलो तं मले कोणी बोलवणार नाही साहेब," तो म्हणाला. "माह्या वयात नाही बोलवत. पुन्हा लीद काढाचं काम भेटल, बस."

रडला नाही, हात जोडले नाहीत. मला ते आवडलं. मी त्याला सांगितलं की घोडी शोधेन. असलं वचन पोलिसानं देऊ नये, पण दिलं.

शेजारच्या जिल्ह्यांत बिनतारी संदेश पाठवले, घोड्यांचे दलाल तपासले, टेम्पोवाल्यांना बोलावलं. काही हाती लागेना. वरून वरिष्ठांनी विचारलं, एका घोडीसाठी किती माणसं लावताय? मी उत्तर दिलं, एक अधिकारी आणि एक हवालदार, आणि केस निकाली निघेपर्यंत ते राहतील.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. माझा हवालदार भाच्याच्या लग्नाला पार सोनाळ्याकडच्या एका गावी गेला. परत आला तो हसत हसत. म्हणाला, साहेब, वरातीत नवरदेवच पळाला. मी म्हटलं, कुणासोबत? तो म्हणाला, घोडीसोबत.

झालं असं होतं. फोटोवाल्यानं नवरदेवाला तलवार वर करायला सांगितलं. वरातीत उघडी तलवार हा वेगळाच गुन्हा, पण तो विषय इथे नको. त्यानं डाव्या हातात लगाम धरला, उजवा हात वर नेला, फोटोसाठी जरासा पुढे झुकला, आणि घोडी सुटली ती बँडवाल्यांच्या मधून सरळ समोरच्या मोकळ्या शेतात. घाबरून त्यानं लगाम खेचला तर जागच्या जागी थांबून गर्रकन वळली. नवरदेव हरभऱ्यात आणि फेटा बांधावर.

मी हातातला पेला खाली ठेवला. डाव्या हातात लगाम, उजवा हात वर. हवालदाराला म्हटलं, गाडी काढ. तो म्हणाला, साहेब, आजच तं आलो. मी म्हटलं, आजच परत जायचं.

सोनाळ्याला पोचल्यावर आधी स्थानिक ठाण्यात नोंद केली, मग वरातीला घोडी पुरवणाऱ्या त्या माणसाच्या दारात गेलो. चाळिशीचा, बोलायला एकदम गोड. घोडी गोठ्यात उभी होती. गळ्यापर्यंत झूल, मानेवर काळीभोर लांब आयाळ. हवालदारानं आयाळीला हात लावला तर ती लोकरीची निघाली, कापडाच्या पट्टीवर शिवून बांधलेली. माणूस जराही गडबडला नाही. खरूज झाली म्हणून केस काढले, म्हणाला, बोडक्या मानेची घोडी लग्नात कोण घेईल? खरं सांगायचं तर उत्तर पटण्यासारखं होतं.

घोडी कुठून आणली हे विचारलं.

"सारंगखेड्याच्या यात्रेतून, साहेब."

"कधी?"

"हेच, दिवाळी झाल्यावर."

"काऊन बे, यात्रा दत्तजयंतीला भरते. दत्तजयंती अजून यायची आहे."

मग म्हणाला, मागच्या वर्षी घेतली. मग मागच्या वर्षीच्या लग्नांत ही घोडी कुणी पाहिली ते सांग म्हटलं, तर घाम पुसायला लागला. तेवढ्यात माझा फोन वाजला. कुणी एक पुढारी. आपला माणूस आहे, गरीब आहे, जरा सांभाळून घ्या. मी म्हटलं, सांभाळूनच घेतोय, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून आणतो.

आता घोडी कुणाची हे पंचांसमोर ठरवायचं होतं. कपाळावरचा ठिपका अनेक घोड्यांना असतो, आणि मालक तर दोघंही म्हणवत होते. म्हणून ठाण्यामागच्या मैदानात घोड्यांची ओळख परेड घेतली. मेहकर, जानेफळ, चिखलीकडून तशाच कुमैत घोड्या मागवल्या आणि शबनमला त्यांच्यात उभं केलं. बोडकी मान दिसू नये म्हणून सगळ्यांच्या मानेवर सारखी झूल टाकली. खेळाडूला ताकीद दिली, हाक मारायची नाही, पुचकारायचं नाही. ठाण्याच्या भिंतीवर निम्मं गाव चढून बसलं होतं.

त्यानं फक्त आपली पोलोची काठी मागितली. प्रत्येक घोडीच्या उजव्या बाजूला उभा राहून तो काठी तिच्या कानाजवळून पूर्ण गोल फिरवायचा. पहिली बिचकली. दुसरीनं मागचे पाय झाडले. तिसरीनं दोरीच तोडली, तिला धरताना आमच्या शिपायाची टोपी चिखलात गेली. मग तो आणखी एकीजवळ आला. काठी सूं करून कानाजवळून गेली. घोडी हलली नाही, उलट काठीला जागा द्यावी तशी तिनं मान जराशी डावीकडे घेतली. त्यानं काठी जमिनीला टेकवली आणि तिच्याकडे बोट दाखवलं. झूल काढली, शबनमच होती.

संशयित मात्र अडूनच होता. वरातीतली घोडी आहे, म्हणाला, फटाके ऐकून ऐकून शांत झाली. पंच एकमेकांकडे पाहायला लागले. मला संताप आला होता, पण आवाज चढवला नाही. काठी घेतली आणि त्याच्या हातात दिली.

"तुझी घोडी आहे ना? बस तिच्यावर. डाव्या हातात लगाम घे, उजव्या हातानं काठी वर कर आणि थोडा पुढे झुक. दुसरं काही नको."

त्यानं काठी पाहिली. घोडीकडे पाहिलं. मैदानाच्या टोकाला काटेरी तारेचं कुंपण होतं, तेही पाहिलं. मग काठी हळूच जमिनीवर ठेवली.

"नको साहेब," तो म्हणाला. "त्या नवरदेवावानी मले पडाचं नाही."

स्वतःच्या घोडीवर बसायला जो भितो, त्याला आणखी काय विचारायचं? तो तिथेच खाली बसला आणि बोलायला लागला. त्याची जुनी घोडी पावसाळ्यात पोटदुखीनं मेली होती, वरातींच्या तारखा मात्र घेऊन ठेवलेल्या. धाडच्या बाजारात आला असताना चाचांकडे ही घोडी पाहिली, मागितली, नाही म्हटल्यावर पहाटे टेम्पो लावला. त्याची अडचण खरी होती, मला वाईटही वाटलं. पण ज्याच्या पोटावर पाय आला होता त्याची अडचण त्याहून मोठी होती. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून पंचांना घेऊन पुन्हा सोनाळ्याला गेलो. त्यानं कडब्याच्या गंजीखालून घोडीचा मूळ मोहरा, म्हणजे तोंडावर बांधायचा दोरीचा साज, आणि चाचांच्या शेडमधली घोंगडी काढून दिली. टेम्पोवाल्याचा जबाब झाला. केस पक्की झाली.

खरी लढाई पुढेच होती. घोडी आता मुद्देमाल. खटल्याचा निकाल लागेपर्यंत ती कुठे ठेवायची? आरोपीच्या वकिलानं हरकत घेतली की मालकी वादात आहे, घोडी गोशाळेत ठेवा, जिल्ह्याबाहेर जाऊ देऊ नका. जयपूरची गाडी पंधरवड्यावर आली होती. तपास अधिकारी म्हणून मी स्वतः उभा राहिलो. सांगितलं की ही घोडी बांधून ठेवली तर घोडी खराब होईल आणि माणूसही. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे निकालापर्यंत सांभाळायला खेळाडूच्या ताब्यात द्यावी, राज्याबाहेर नेण्यास पोलिसांची हरकत नाही. फक्त दोन अटी मी स्वतःहून सुचवल्या. निकालापर्यंत घोडी विकायची नाही आणि दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायची नाही. न्यायाधीशांनी मान्य केलं.

या अटी ऐकून खेळाडू माझ्यावर नाराज झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, तुमचा बी विश्वास नाही का साहेब? मी म्हटलं, विश्वास आहे, पण कायदा कायद्याच्या जागी. चाचांनी गाडी निघायच्या आधी नवे नाल ठोकले, माझ्या हाताला हात लावून डोळ्यांना लावला, आणि गाडी निघून गेली.

जयपूरहून त्याचा फोन आला तो भलत्याच आवाजात. संघमालकानं शबनमला मैदानावर पाहिलं आणि पाघळला. म्हणाला, घोडी आम्हाला विक, तिच्यावर आमचा अर्जेंटिनाचा खेळाडू बसेल, तुझं पुढे बघू.

"मग मी कोर्टाची ऑर्डर त्याईच्या पुढ्यात ठेवली," तो हसत होता. "म्हटलं, विकता येत नाही. दुसऱ्याच्या ताब्यात देता येत नाही. घोडी पाह्यजे असल तं सोबत मले घ्या लागते."

मालकाला घ्यावं लागलं. तो हंगामभर शेवटचा डाव खेळला. वर्षअखेरीस समितीनं त्याला पुन्हा तीन गोल दिले.

या केसनं मला एवढं शिकवलं की माणसाचं काम समजल्याशिवाय त्याची फिर्याद समजत नाही. आयाळ का काढतात, लगाम कोणत्या हातात, हे मी त्या दिवशी चहा पिताना विचारलं नसतं, तर हरभऱ्यात पडलेला नवरदेव माझ्यासाठी फक्त एक विनोद राहिला असता. नव्या अधिकाऱ्यांना मी हेच सांगतो, आणि फिर्यादीसमोर हसू नका हेही.

आरोपीला शिक्षा झाली, अटी सुटल्या. तोवर मी निवृत्त झालो होतो. एका दुपारी पुन्हा त्याचा फोन आला. केस निकाली निघाल्याचं मालकाला कळलं होतं, आणि घोडी विकतोस का म्हणून तो पुन्हा मागे लागला होता.

"आता तुला मोकळीक आहे," मी म्हणालो. "काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमच्या साहेबाईची परवानगी लागते. देता काय?"

मला परवानगी द्यायचा अधिकार राहिला नव्हता, नाकारायचाही नव्हता. तरी मी खुर्चीत ताठ बसलो आणि ठाण्यात बोलायचो त्याच आवाजात सांगितलं, "नाही देत."

"हाव साहेब," तो म्हणाला. "तसंच कळवतो त्याईले."